नऊ दिवस उठायचं नाही

पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत ब्रदर एलिसेओंनी अकरा जणांची पोटं उघडून बंद केली होती. आम्ही तोवर जनरेटर सुरू करत होतो.

उमालोगच्या बास्केटबॉल मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या वस्तीवरून, पलीकडच्या खोऱ्यातून, जिथून आम्हाला दर वर्षी चार माणसं आणताना नाकी नऊ येतात तिथून माणसं आपली आपण चालत आली होती. मधोमध शाळेचा लांब बाक, बाकावर पांढरी चादर, चादरीवर एक म्हातारी आणि म्हातारीच्या उघड्या पोटावर ब्रदरांचे दोन्ही हात. बोटं पेरांपर्यंत आत गेलेली. बाजूने लाल ओघळ वाहत होते. ब्रदरांनी डोळे मिटले, मान वर केली, एक झटका दिला आणि चिमटीत काहीतरी लिबलिबीत वर काढलं. गर्दीने श्वास घेतला तो मला शाळेच्या पायरीपर्यंत ऐकू आला. ती वस्तू त्यांनी चारी दिशांना भरभर दाखवली आणि शेजारच्या निखाऱ्यांवर टाकली. चर्र झालं. मग ओल्या फडक्याने पोट पुसलं. खाली कातडी जशीच्या तशी.

"चाकू नाही!" ब्रदर ओरडले. "कात्री नाही, सुई नाही! भावांनो, बहिणींनो, ज्याने कातडी शिवली त्याला ती उसवता येते की नाही?"

"येते!" गर्दी म्हणाली.

"त्याला टाके लागतात?"

"नाही!"

"कातडी म्हणजे पाणी. माझी बोटं म्हणजे मासा. मासा पाण्यात शिरतो तेव्हा भोक पडतं का?"

माशाचं उदाहरण लोकांना फार आवडलं. मी ऑक्सिजनचा सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा होतो. माझ्याकडे असं एकही उदाहरण नव्हतं.

आमचं पथक चर्चचं आहे. कोरड्या महिन्यांत फिलिपिन्समधल्या इफुगावच्या डोंगरातली आठ गावं, गावाला पाच दिवस, वर्षातून एकदा. रस्ता संपेपर्यंत ट्रक, पुढे खोकी खांद्यावर. शाळेचे दोन वर्ग रिकामे करायचे, एकात टेबल मांडायचं, दुसऱ्यात आजारी ठेवायचे. सर्जन सिस्टर ऑरेलिया, बुटकी, चष्म्याला दोरी बांधलेली नन. मी रोमुलो, भूल देतो. धुणं मानांग आपोलोनियाकडे. ती सगळ्यांचीच मानांग, म्हणजे थोरली बहीण. सिस्टरही तिला तेच म्हणते आणि तिच्या शिव्या खाते. दर ऑपरेशनआधी सिस्टर प्रार्थना करते. त्या वेळी मी सिलिंडर तपासतो. अकरा वर्षांत तिने त्याबद्दल मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही वरचं बघा, मी खालचं बघतो." तिने परत विचारलं नाही.

यादीतलं पहिलं नाव क्रिस्पिन गिनिद होतं. मी दारातून तीनदा पुकारलं. कोणी आलं नाही.

क्रिस्पिन भाताच्या खाचरांच्या दगडी भिंती बांधतो. तसा कारागीर त्या खोऱ्यात दुसरा नाही. उजव्या जांघेत मुठीएवढा हर्निया. गेल्या वर्षी त्याचा नंबर लागेपर्यंत आमचे दिवस संपले आणि सिस्टरने त्याला शब्द दिला होता की पुढच्या वर्षी पहिला तूच. मधल्या वर्षात दोनदा आतडं बाहेर आलं ते अडकलं. दुसऱ्या वेळी तो सहा तास जमिनीवर लोळत होता, मग कसंबसं आत गेलं. तिसऱ्यांदा अडकून राहिलं तर आतडं सडतं. उमालोगहून इस्पितळ म्हणजे चार तास झोळीतून आणि पाच तास जीपमधून. सडलेलं आतडं घेऊन नऊ तास कोणी जगत नाही.

अर्ध्या तासाने त्याची बायको फेलिसा आली. विणायचं सोडून तशीच आली होती, केसांत दोऱ्याचे तुकडे अडकलेले. हसत होती.

"सिस्टर, त्यांचं नाव काढा यादीतून. झालं त्यांचं."

"काय झालं?"

"ऑपरेशन. पहाटेच. पहिला नंबर लागला." मग तिला वाटलं असावं की आम्हाला वाईट वाटेल. "तुमच्याकडेही पहिलाच होता म्हणा."

आम्ही तिच्या घरी गेलो. क्रिस्पिन चुलीजवळ चटईवर उताणा पडला होता, छातीवर हात जोडून. चेहरा असा की जणू कोणी त्याचं शेत नांगरून दिलंय.

"दुखलं का?" सिस्टरने विचारलं.

"मुंगी चावल्याइतकंसुद्धा नाही. आणि बघा, गेलं. सपाट."

"मला बघू दे."

फेलिसा मध्ये येऊन बसली. "हात लावायचा नाही. नऊ दिवस. उठायचं नाही, बसायचं नाही, खोकायचं नाही."

"लघवी?"

"बांबूच्या नळीत."

"आणि उठला तर?"

"तर आतली जखम उघडते. मग ब्रदरांची जबाबदारी नाही. त्यांनी आधीच सांगितलंय."

"फेलिसा, आम्ही पाचव्या दिवशी निघणार."

"ब्रदरही सहाव्या दिवशी निघणारच आहेत. त्यात काय?"

हर्नियाची गंमत अशी की माणूस उताणा झोपला की तो आपोआप आत जातो. उभा राहिला, खोकला, दगड उचलला की बाहेर येतो. हे सगळ्या सर्जनांना ठाऊक असतं, आणि उघडच होतं की ब्रदरांनाही ठाऊक होतं. बाकीचा खेळ बाजूला ठेवला तरी नऊ दिवस उठायचं नाही या एका वाक्यात त्यांची निम्मी विद्या होती. दहाव्या दिवशी क्रिस्पिन उठेल तेव्हा ब्रदर तिसऱ्या खोऱ्यात असतील आणि आम्ही चौथ्या.

सिस्टरने हे सगळं फेलिसाला समजावून सांगितलं. हळूहळू, दोनदा सांगितलं. फेलिसाने ऐकून घेतलं.

"सिस्टर, रागावू नका. गेल्या वर्षी तुम्ही माझ्या दिराचं हेच केलं. आत ठेवलं आणि शिवलं म्हणालात. आम्ही विचारलं, काढलं काय? तुम्ही म्हणालात, काही नाही. ब्रदरांनी काढून दाखवलं. एवढं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

यात दोष आमचाच होता. गळ्यातली गाठ काढली, पित्ताचे खडे काढले की ते स्पिरिटच्या बाटलीत घालून नातेवाइकांना द्यायचे ही आमची जुनी पद्धत. सिस्टरला वाटायचं, लोकांनी बघावं, विश्वास बसेल. बसला. उमालोगमध्ये घराघरांत फळीवर बाळ येशूची मूर्ती आणि शेजारी काकीची गाठ अशी मांडणी असते. त्यातून गाव एवढंच शिकलं की काहीतरी बाहेर आलं म्हणजे माणूस बरा झाला. ब्रदर एलिसेओ आमच्याच धड्यावर परीक्षा पास होत होते.

परतताना मी सिस्टरवर चिडलो. "मैदानावर जा आणि सांगा ना, हे खोटं आहे म्हणून."

"काय सांगू? देव असं करत नाही म्हणून? देव कसं करतो ते मला कुठे माहीत आहे?"

"पण हा लबाड आहे."

"ते मला दिसतंय, तुला दिसतंय. त्यांना दाखवण्यासारखं काय आहे तुझ्याकडे?"

काही नव्हतं. शिवाय ब्रदर पैसे घेत नव्हते, त्यामुळे त्यांना लबाड म्हणणं आणखी कठीण. प्रत्येक आजाऱ्याकडून एक कोंबडी, बस. तीही आदल्या संध्याकाळी आणून द्यायची. "सेवकाने पोटापुरतं घ्यावं," असं ते म्हणायचे. दातांना पान-सुपारीचा डाग नाही, दारू नाही, सदरा पांढरा. गावातल्या बायका नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार ऑपरेशनं केली. ब्रदरांनी चौदा केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मानांग आपोलोनिया झऱ्यावर आमच्या चादरी धूत होती आणि मी बादल्या उचलायला गेलो होतो. फेलिसा आली. तिच्या हातात एक घडी होती, तिच्या आईने विणलेली चादर. असल्या चादरी रोज वापरत नाहीत. ऑपरेशनच्या पहाटे तिने ती नवऱ्याखाली अंथरली होती, प्रसंग मोठा होता म्हणून. आता तिच्यावर वीतभर लाल डाग पडला होता.

"ब्रदर म्हणाले नऊ दिवस धुवायची नाही," फेलिसा म्हणाली. "पण मानांग, आईची आहे हो. तुमच्या चादरी एवढ्या रक्ताच्या असतात आणि दुसऱ्या दिवशी दुधासारख्या. मला जरा करून द्या."

आपोलोनियाला स्तुती आवडते. तिने डाग गार पाण्यात बुडवला. रक्त गार पाण्यात सुटतं. हा डाग हलला नाही. तिने मीठ चोळलं. तसाच. मग तिने साबण लावला आणि डाग आणखी लाल झाला. ती थांबली. तिने चादर नाकाशी नेली, मग फेलिसाकडे बघितलं.

"तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड गं, दात दाखव."

फेलिसाने दात दाखवले. उमालोगमध्ये सगळ्यांचे असतात तसे, पान, सुपारी आणि चुन्याने रंगलेले. आपोलोनियाने कनवटीचं लिंबू काढलं, सुक्या मासळीवर पिळायला ती नेहमी जवळ ठेवते, आणि अर्धं डागावर पिळलं. लाल डाग पिवळट झाला. तिने चोळलं, पाणी मारलं. डाग गेला.

"गेला!" फेलिसा खुशीत ओरडली.

"गेला," आपोलोनिया म्हणाली. "तीस वर्षं मी माणसांचं रक्त धुतेय. लिंबाने रक्त जात नाही. सदऱ्यावर पिंक उडाली तर तू काय लावतेस?"

"लिंबू," फेलिसा म्हणाली.

आपोलोनियाने घडी झटकली तेव्हा आतून नखाएवढं पिवळं सुरकुतलेलं कातडं पडलं. निखाऱ्यांवर जायचं राहिलेलं. कोंबडी साफ करताना, दाणे भरडणाऱ्या पोटाच्या आतून सोलून निघतं ते. आम्हा तिघांपैकी कोणालाच ते ओळखायला वेळ लागला नाही.

फेलिसा दगडावर बसली. मग ती म्हणाली, "कोंबडी मीच दिली होती."

"आता जाऊन त्याला सांग," मी म्हटलं. "परवा आम्ही निघतोय."

"नको." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वर्षभर हा माणूस हसला नाही. रोज रात्री जांघेत हात धरून झोपायचा. तीन दिवस हसतोय."

"मग अजून सहा दिवस हसेल," आपोलोनिया म्हणाली. ती वाईट बाई नाही, पण तिचा हात आणि तोंड सारख्याच जोराने चालतं. फेलिसा उठली आणि ओली चादर तशीच खांद्यावर टाकून घरी गेली.

चौथ्या दिवशी सकाळी मैदान भरलं. ब्रदर बाह्या वर सारत होते तेवढ्यात आपोलोनिया हातात टोपली घेऊन गर्दीतून पुढे आली. मागे सिस्टर, तिच्या मागे मी.

"ब्रदर," आपोलोनिया म्हणाली, "काल झऱ्यावर मलाही ती देणगी मिळाली."

ब्रदर हसले. अशी माणसं आधी हसतातच. "ताई, आत्मा ज्याला निवडतो..."

"मला निवडलं. आधी मीही नाही म्हटलं, धुणं पडलंय म्हणून. ऐकतच नाही. कोणाचं पोट दुखतंय?"

गर्दीत खसखस पिकली. कोणी पुढे येईना. मग आपो, म्हणजे आजोबा, बिनवाग उठला. सत्तरीचा, गावचा मुंबाकी, म्हणजे जुन्या देवांचा पुजारी. लग्न, पेरणी, आजारपण, काहीही असो, हाच कोंबडी कापून तिचं पित्त बघतो आणि कौल देतो. तो बाकावर आडवा झाला आणि सदरा वर केला.

"माझं दुखतं," तो म्हणाला. "पण हळू."

आपोलोनियाने टोपलीतून कापसाचा बोळा काढला, वाडग्यातल्या पाण्यात बुडवला आणि म्हाताऱ्याच्या पोटावर दाबला. बोळ्यातून लाल ओघळ वाहायला लागले. तिने बोटं दुमडली, सांधे पोटात रुतवले आणि दुसऱ्या हाताने कातडीची वळी वर ओढली. लांबून बघणाऱ्याला बोटं आत गेलेलीच दिसत होती. जवळून बघणारा मी, मलाही क्षणभर दिसली.

"कातडी म्हणजे पाणी!" आपोलोनिया ओरडली. "माझी बोटं म्हणजे बोंबील!"

"अगं हळू," म्हातारा कळवळला, "गुदगुल्या होतात."

तिने झटका दिला आणि लिबलिबीत तुकडा वर काढला. पण तो निखाऱ्यांवर टाकला नाही. पहिल्या रांगेतल्या बाईच्या हातात ठेवला. "पुढे द्या. सगळ्यांनी बघा. घाई नाही."

तो तुकडा हातोहात फिरला. मग तिने बोळा उकलून दाखवला. आत वाळवलेल्या पान-सुपारीचा चुन्यात मळलेला गोळा आणि कोंबडीच्या आतड्याला जागा. तिने लिंबू पिळलं आणि आपो बिनवागच्या पोटावरचं रक्त सगळ्यांसमोर पिवळं पडलं.

"हे तुमच्याच कोंबड्यांचं," ती म्हणाली. "संध्याकाळी तुम्ही द्यायच्या आणि सकाळी तुमच्याच पोटातून निघायच्या. आता यांच्या टोपलीतले बोळे उकला."

ब्रदरांची मदतनीस टोपली उचलून निघाली होती. दोन बायकांनी ती धरली. बोळे उकलले गेले. मी मोजले नाहीत, पण त्या दिवशीच्या आजाऱ्यांना पुरून उरले असते.

आपो बिनवाग पोट पुसत उठून बसला. "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. साठ वर्षं कोंबडीच्या पोटात बघतोय. ते पिवळं कातडं मी झोपेत ओळखेन."

"मग बोलला का नाहीत, आपो?" कोणीतरी ओरडलं.

"पाहुणा माणूस. मला वाटलं, त्याच्या देवाला असंच चालत असेल."

ब्रदर एलिसेओ मात्र कसलेले होते. त्यांचा आवाज खाली आला, डोळे भरले. "भावांनो, माझ्या हाताखाली ते रक्तच होतं. संशयाच्या नजरेने आत्मा दुखावतो. दुखावलेला आत्मा रक्ताची सुपारी करतो. आणि तुमच्या पोटातलं पाप कोंबडीच्या रूपाने बाहेर येतं, कारण पापाला पंख असतात."

हे ऐकून माझ्या तोंडून हसू फुटलं. पण गर्दीतली निम्मी माणसं हसली नाहीत. ज्यांचे आईबाप घरी उताणे पडले होते ती मान हलवत होती. माणसाला एकदा बरं वाटलं की ते परत द्यायला तो सहजी तयार होत नाही. त्यांचा मला राग आला नाही. मला भीती वाटली.

तेवढ्यात मागून वाट झाली. क्रिस्पिनच्या दोन भावांनी त्याला दाराच्या फळीवर झोपवून आणला होता. फेलिसा बाजूने चालत होती. तिने रात्री त्याला सांगितलं होतं, सगळं, कोंबडीसकट.

"खाली ठेवा," क्रिस्पिन म्हणाला. आणि तो उठायला लागला.

"उठू नकोस!" ब्रदर ओरडले. "चौथाच दिवस आहे! आत उघडेल!"

क्रिस्पिन उभा राहिला. फळी धरून, पाय फाकवून. तो खोकला. मग जांघेशी हात नेला आणि तसाच उभा राहिला. पँटवरून लांबूनही दिसत होतं. होतं तेवढंच, होतं तिथंच.

"बघा!" ब्रदर म्हणाले. "मी सांगितलं होतं! याने मोडलं!"

"ब्रदर," क्रिस्पिन शांतपणे म्हणाला, "आजवर तुमच्या हातचे किती फसले?"

"एकही नाही. ज्यांचा विश्वास कमी पडला ते सोडून."

"सिस्टर, तुमचे?"

मला वाटलं, आता ही काहीतरी गोड बोलेल. बोलावं अशी माझी इच्छा होती. माणूस उभा आहे, गाव बघतंय, एक शब्द इकडे तिकडे झाला तर काय बिघडलं? सिस्टरने चष्मा काढून पुसला.

"हर्नियाची आजवर चारशे बारा केली. नऊ जणांचा परत आला. चौघांची जखम पिकली. एक गेला."

"गेला म्हणजे?"

"मेला. टेबलावर. मणक्यात भूल दिली आणि हृदय थांबलं. आम्हाला ते परत चालू करता आलं नाही."

ब्रदरांच्या चेहऱ्यावर हसू परत आलं. त्या क्षणी मला सिस्टरचा इतका राग आला की मी निघून जाणार होतो. आकडा खरा होता. म्हणूनच राग आला.

क्रिस्पिन सिस्टरकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"मला भूल कोण देणार?"

"मी."

"त्या माणसाला कोणी दिली होती?"

"मी."

"त्यानंतर काय बदललंस?"

हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. सिस्टरनेही नाही. "आधी सलाईन पुरतं जाऊ देतो," मी म्हटलं. "मग सुई. रक्तदाब पडला तर द्यायचं औषध सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवतो. आणि शेवटपर्यंत नाडीवरचं बोट काढत नाही. यंत्र लावलेलं असलं तरी."

क्रिस्पिनने मान हलवली. "माझ्या दोन भिंती पडल्यात. दुसरी पडली तेव्हा खाली माझा चुलता होता. तेव्हापासून मी भिंतीतून पाणी जायला वाट ठेवतो. या खोऱ्यात भिंत कधी पडलीच नाही म्हणणारा एक माणूस होता. चांगला होता बिचारा. पण त्याने भिंत कधी बांधलीच नव्हती." तो फेलिसाकडे वळला. "चल."

तो शाळेपर्यंत आपल्या पायांनी चालत आला. जांघेत हात धरून, सावकाश.

सिस्टरने नेहमीसारखी प्रार्थना केली. मी सिलिंडर तपासला. सलाईन पुरतं जाऊ दिलं. सव्वा तास लागला, आणि तेवढा वेळ माझं बोट त्याच्या मनगटावर होतं. कमरेखाली बधिर, वर टक्क जागा, तो सगळा वेळ छपराच्या वाशांमध्ये चुका काढत होता. बाहेर आल्यावर फेलिसाने काय काढलं ते विचारलं नाही. विचारलं, "कधी उठायचं?"

"संध्याकाळी," सिस्टर म्हणाली.

ब्रदर एलिसेओ दुपारीच निघाले. कोंबड्या मागे राहिल्या, पिंजरा जड होता. गावाने त्यांना मारलं नाही, अडवलं नाही, आपो बिनवागने तर वाटेसाठी भात बांधून दिला. मला ते तेव्हा आवडलं नव्हतं. सिस्टरने दवंडी दिली की ज्यांना झोपवून ठेवलंय त्यांनी उठून तपासायला यावं, आणि आम्ही एक दिवस जास्त राहिलो. एकतीस आले. त्यांतल्या सहा जणांना आम्ही लागलीच टेबलावर घेतलं. नऊ जण आले नाहीत. ते घरी उताणे पडून राहिले, नऊ दिवस पुरे करायला. त्यांचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि त्या नऊ जणांची आठवण मला उठून आलेल्या एकतीस जणांपेक्षा जास्त येते.

आता आम्ही बाटल्या देत नाही. हर्निया असेल तर घरच्या एका माणसाला तोंडाला फडकं बांधून आत उभं करतो आणि भोक कुठे आहे ते दाखवतो. काही जण चक्कर येऊन पडतात. पडू देत.

लोक मला विचारतात, तुम्हीही प्रार्थना करता, तोही करायचा, मग फरक काय? फरक सोपा आहे. आमच्याकडे प्रार्थना झाल्यावर पोटात किती बोळे गेले ते कोणीतरी मोजतं आणि शिवण्याआधी परत मोजतं. एक कमी भरला तर टाके घालत नाही, शोधतो. प्रार्थना केली आहे म्हणून मोजणं सोडत नाही.

तेव्हा कोणी तुम्हाला बरं करतो म्हणाला, पांढऱ्या सदऱ्यातला असो की हिरव्या झग्यातला, तर आधी त्याला विचारा. मी उठून बघू का? दुसऱ्या कोणाला दाखवू का? तुमच्या हातून आजवर किती चुकले? यावर जो चिडेल त्याच्या बाकावरून उठा आणि घरी जा. ज्याचा एकही चुकला नाही त्याच्यापासून तर पळाच. आणि आम्हालाही विचारा, लाजू नका. आकडा सिस्टर सांगेल. मेलेल्या माणसाचं नाव तोमास बुगतोंग होतं. ते मी सांगतो.